धाप, धास्ती आणि श्वसन-पुनर्वसन : माझा अनुभव

मला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार असल्याचे स्पायरोमेट्रीत (नळीत जोराने फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजण्याच्या चाचणीत) स्पष्ट झाले, तेव्हा डॉक्टरांनी सर्वांत आधी चुलीबद्दल विचारले. विडी-सिगारेटला मी कधी हात लावलेला नाही. मात्र सातारा जिल्ह्यातील आमच्या घरी लग्नानंतर कित्येक वर्षे काटक्या आणि गोवऱ्यांवरच स्वयंपाक होत असे आणि धूर बाहेर जायला एक झरोका तेवढा होता. आपल्याकडे स्त्रियांना हा आजार होण्यामागे चुलीचा धूर हे मोठे कारण आहे, हे मला तेव्हा कळले.

इन्हेलरचा गुण आला, पण धाप लागेल या धास्तीने मी आधी जिना टाळू लागले, मग बाजार, आणि पुढे हात वर धरून वेणी घालणेही सुनेवर सोपवले. वापर कमी झाल्याने पायांतली ताकद गेली आणि थोड्याशा श्रमानेही दम लागू लागला. छातीविकारतज्ज्ञांनी तेव्हा श्वसन-पुनर्वसनाचा, म्हणजे देखरेखीखाली व्यायाम आणि श्वासाची तंत्रे शिकवणाऱ्या वर्गांचा आग्रह धरला. हे वर्ग साधारणपणे ६ ते १२ आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा असतात.

सुरुवात ६ मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीने झाली. सरळ, लांब व्हरांड्यात जमेल तेवढे चालायचे, बोटाला ऑक्सिमीटर, आणि शेवटी धाप ० ते १० मध्ये किती हे सांगायचे. मी ८ सांगितले. जीव घाबरा झाला होता, पण यंत्रावर ऑक्सिजन ९३ दिसत होता. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मला खुर्चीत किंचित पुढे झुकून, कोपरे मांड्यांवर टेकवून बसवले आणि दम खाली बसल्यावर सगळे नीट समजावले. या आजारात हवा आत जाते, पण पुरती बाहेर पडत नाही. श्वास भराभर चालला की सोडायला वेळ अपुरा पडतो, जुनी हवा छातीत साठते आणि पुढच्या श्वासाला जागाच उरत नाही. भीती श्वासाचा वेग वाढवते, त्याने धाप वाढते आणि वाढलेली धाप भीतीला खतपाणी घालते. "म्हणून काकू, व्यायामाच्या जोडीला मी तुम्हाला अंग सैल सोडायलाही शिकवणार आहे," त्या म्हणाल्या.

अमेरिकेतील डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केलेली पद्धत आम्हाला शिकवली गेली. मूठ आवळायची, ताण जाणवू द्यायचा, मग सोडून सैलपणा अनुभवायचा. असेच दंड, खांदे, चेहरा, पोट, पाय. स्नायू आवळताना श्वास मात्र मुळीच रोखायचा नाही, हे त्या प्रत्येक वेळी बजावत. शवासनात सपाट पडल्यावर मला गुदमरायला होई, म्हणून सगळे पाठीच्या खुर्चीत किंवा उशांना टेकून केले. हातपाय लवकर सैल झाले, खांदे काही होईनात. मॅडमनी तळहात खांद्यावर ठेवून तो अलगद खाली दाबला, तेव्हा तो कानाकडे किती चढला होता ते मला उमगले. धाप लागली की मान-खांद्यांचे स्नायू श्वासाच्या मदतीला धावतात आणि दम ओसरल्यावरही ताठच राहतात.

याच्या जोडीला नाकाने श्वास घेऊन, ओठांचा चंबू करून, गरम चहावर हलकी फुंकर घालावी तसा दुप्पट वेळ लावून सोडायचा. नातेवाइकांनी आपुलकीने सुचवलेल्या कपालभातीला डॉक्टरांनी मला स्पष्ट मनाई केली, कारण जोराचा, जलद उच्छ्वास माझ्या श्वासनलिकांना सोसणारा नव्हता.

माझे ठाम मत असे, की हे तंत्र बरे वाटत असतानाच अंगवळणी पाडावे. धाप लागल्यावर नवे काही शिकता येत नाही. आणि ते व्यायामाऐवजी नव्हे, व्यायामासाठी करावे. मी दोन फेऱ्यांच्या मध्ये खांदे सोडू लागले, तेव्हाच सायकल आणि वजने मला झेपू लागली. वर्ग संपताना स्पायरोमेट्रीचे आकडे जवळजवळ तेच होते, आणि तसेच असणार हे आधीच सांगितले होते. पण चालण्याचे अंतर वाढले, धाप ८ वरून ५ वर आली आणि वेणी मी पुन्हा स्वतः घालू लागले.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी खूप दम लागला. मी पुढे झुकून बसले, खांदे सोडले, लांब उच्छ्वास केले; मन शांत झाले, तरी दम ओसरला नाही, शिवाय कफ घट्ट आणि हिरवट झाला होता. हे केवळ घाबरणे नाही, हे तेव्हा ओळखता आले आणि मी लगेच डॉक्टरांना फोन केला. छातीत संसर्ग निघाला. त्याच दिवशी औषधे सुरू झाली आणि तब्येत सावरताच, महिन्याच्या आत, डॉक्टरांनी मला पुनर्वसनाच्या वर्गाला पुन्हा पाठवले.