पॅटनचा कमांडर कुठल्या बाजूला बसतो?

गेल्या वर्षी आमच्या टीमनं १९६५ च्या खेमकरणच्या लढाईवर एक स्ट्रॅटेजी गेम करायला घेतला. आम्ही चौघं, कोथरूडमधल्या एका फ्लॅटच्या दोन खोल्या, आणि चित्रांचं सगळं काम माझ्याकडे. रणगाडे नव्यानं काढायचा प्रश्नच नव्हता. आमच्याच पाच वर्षांपूर्वीच्या एका आयसोमेट्रिक, म्हणजे तिरक्या कोनातून वरून दिसणाऱ्या, गेममध्ये पॅटन, सेंच्युरियन, शर्मन आणि एएमएक्स-१३ असे चारही तयार होते. ते उचलायचे आणि नव्या गेममध्ये बसवायचे. वेळापत्रकात मी त्यासाठी आठ दिवस लिहिले.

हे चार का, ते आधी सांगतो. ८ ते १० सप्टेंबर १९६५ या तीन दिवसांत खेमकरणजवळ असल उत्तरला जी लढाई झाली, तिच्यात समोरून पाकिस्तानचे पॅटन आले. आपल्याकडे ३ कॅव्हलरीचे सेंच्युरियन, डेक्कन हॉर्सचे शर्मन आणि ८ कॅव्हलरीचे हलके एएमएक्स होते. आपल्या लोकांनी उसाच्या शेतांत पाणी सोडून जमिनीचा चिखल केला आणि पॅटन त्यात रुतले. अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या रिकॉइललेस तोफेनं पॅटन फोडले ते याच लढाईत, आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. शाळेपासून ऐकलेली ही गोष्ट आपल्या हातून पडद्यावर येणार, याचं मला फार अप्रूप होतं.

इंजिन, म्हणजे गेम ज्याच्यावर चालतो ते सॉफ्टवेअर, आम्ही घेतलं ओपनआरए. वेस्टवुडचे ‘कमांड अँड कॉन्कर’ (१९९५) आणि ‘रेड अलर्ट’ (१९९६) हे गेम आजच्या संगणकांवर चालावेत म्हणून स्वयंसेवकांनी ते नव्यानं लिहिलंय. इंजिन मुक्त आहे, कुणीही वापरावं. जुन्या गेममधली चित्रं मात्र तशी नाहीत, त्यामुळे चित्रं आपली स्वतःचीच हवीत. ती आमच्याकडे होतीच.

पहिला पॅटन मी जशाच्या तसा नकाशावर ठेवला आणि तो जमिनीवर बसेचना. गाडी कलंडल्यासारखी दिसायची. जुन्या गेममध्ये कॅमेरा जमिनीपासून ३० अंशांवर होता, त्यामुळे जमिनीवरची खोली बरोबर निम्मी दिसायची. ओपनआरए कॅमेरा ४० अंशांवर धरतं, तिथं खोली साधारण ६४ टक्के दिसते. म्हणजे आडवा उभा असताना ४८ पिक्सेल लांब दिसणारा रणगाडा पाठमोरा वळला की त्याची लांबी जुन्या गेममध्ये २४ पिक्सेल भरायची, ती नव्यात ३१ भरायला हवी. उलट वरून बघितल्यामुळे त्याची उंची मात्र घटायला हवी. चित्र नुसतं उभं ताणून हे जमत नाही, कारण ताणलं की उंचीही वाढते. प्रत्येक बाजू पुन्हा काढणं आलं.

दुसरी गोष्ट दिशांची. जुन्या गेममध्ये रणगाडा आठ दिशांना तोंड करायचा. त्यातल्या पाच दिशा मी काढल्या होत्या, उरलेल्या तीन आरशासारख्या उलट्या करून घेतल्या होत्या. ही युक्ती आमच्या धंद्यात सर्रास वापरतात. ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्ये आठातल्या पाचच दिशा साठवलेल्या असतात. ‘स्टारक्राफ्ट’मध्ये ३२ दिशांसाठी १७ चित्रं असतात. रेड अलर्टमधल्या रणगाड्यांना मात्र बत्तीसच्या बत्तीस दिशा वेगळ्या काढलेल्या आहेत, आणि टरेटच्या, म्हणजे तोफेसकट फिरणाऱ्या वरच्या भागाच्या, आणखी ३२, कारण गाडी एकीकडे जाते आणि तोफ दुसरीकडे बघते. आमच्या जुन्या चित्रांत टरेट हलला, म्हणजे गाडीच्या खालच्या धडाला, चिकटलेला होता, तो सोडवावा लागला. टरेट सोडवताना तो ज्या बिंदूभोवती फिरतो तो बिंदू सगळ्या फ्रेममध्ये, म्हणजे दर दिशेच्या चित्रात, एकाच पिक्सेलवर राहावा लागतो. एका पिक्सेलनं जरी सरकला, तरी फिरताना टरेट भांड्यावरच्या सैल झाकणासारखा हलतो. एएमएक्सला तर टरेट मध्यावर नाहीच, इंजिन पुढे असल्यामुळे तो मागच्या बाजूला आहे. त्याला वेगळं अंतर द्यावं लागलं.

मी स्टारक्राफ्टची वाट धरली. १७ दिशा काढल्या, १५ उलटवल्या. उलटवल्यावर उजेडही उलटतो, एका बाजूचा रणगाडा सकाळचा आणि दुसऱ्या बाजूचा संध्याकाळचा वाटतो. म्हणून ऊन सरळ डोक्यावरून दिलं. आठ दिवसांचे तीन आठवडे झाले होते, पण काम पुरं झालं असं मला वाटलं.

मग रंग. या इंजिनमध्ये रेड अलर्टच्या पद्धतीनं २५६ रंगांचा पॅलेट, म्हणजे रंगांची ठरलेली क्रमवार यादी, वापरता येतो, आणि त्यातले ८० ते ९५ हे सोळा क्रमांक खेळाडूच्या रंगासाठी राखलेले असतात. चित्रात तिथं पिवळसर सोनेरी छटा भरायच्या. खेळताना इंजिन त्यांच्या जागी निळा, लाल, ज्याचा जो असेल तो रंग घालतं. आम्ही पॅलेट स्वतःचा केला, पण क्रमांकांची मांडणी तीच ठेवली. माझी जुनी चित्रं लाखो रंगांतली होती. ती २५६ वर आणताना सॉफ्टवेअर प्रत्येक पिक्सेलसाठी पॅलेटमधला सगळ्यात जवळचा रंग निवडतं. खेमकरणच्या धुळीचा रंग कोणता? पिवळसर सोनेरी.

गेम सुरू केला तेव्हा सगळ्या सेंच्युरियनच्या चाकांवरच्या साखळी-पट्ट्यांवरचा चिखल निळा झाला होता. समोरच्या पॅटनचा हिरवा. टरेटवर काळजीनं काढलेली खेळाडूच्या रंगाची खूण जागेवर होती, पण त्या रंगीत चिखलात ती दिसतच नव्हती. मी तो पडदा बराच वेळ बघत बसलो. पट्ट्यांवरचा चिखल हा या लढाईचा जीव आहे, आणि नेमका तोच माझ्या हातून खोटा ठरला होता. उपाय साधा होता: ते सोळा रंग आधी बाजूला काढायचे, उरलेल्या २४० मधून चित्र उतरवायचं, आणि खूण शेवटी हातानं भरायची. चार गाड्यांसाठी दोन दिवस गेले. यापुढे कोणतंही चित्र उतरवताना मी त्या सोळा रंगांची यादी आधी बघतो.

आता ज्या दिवसाबद्दल लिहायला बसलो तो दिवस.

आमच्या प्रोग्रॅमरचे मामा नगरला असतात. चिलखती दलात गनर, म्हणजे तोफ चालवणारे, होते, विजयंता रणगाड्यावर बरीच वर्षं काढली, दफेदार म्हणून निवृत्त झाले. ती म्हणाली, गेम एकदा मामाला दाखवूया, आणि तिथलं रणगाडा संग्रहालयही बघूया. आर्मर्ड कोअर सेंटरचं हे संग्रहालय १९९४ पासून आहे. नगरचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण मामा नगरच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितो. शनिवारी सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो.

संग्रहालयात जायच्या आधी मामांच्या घरी चहा झाला. मी लॅपटॉप उघडला, नकाशावर एकच पॅटन ठेवला आणि त्याला गोल फिरायला लावलं. मामांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं. एक चक्कर, दोन चकरा. मग म्हणाले,

“हा कमांडर मधेच बाजू का बदलतोय?”

मला कळलंच नाही. त्यांनी पडद्याला बोट लावलं. “हे बघ, इथं त्याचा कपोला उजवीकडे आहे. आता फिरव. थांब. आता डावीकडे गेला. चालत्या टँकमध्ये माणूस उठून पलीकडे जाऊन बसला का?”

कपोला म्हणजे कमांडरच्या डोक्यावरचं टरेटचं गोल झाकण. चित्रात तो तीन पिक्सेल रुंद गोलसर ठिपका. मीच काढलेला. शेकडो वेळा मी तो रणगाडा फिरताना पाहिला होता. उलटवलेल्या पंधरा चित्रांत तो दुसऱ्या बाजूला गेलाय हे ना मला दिसलं, ना टीममधल्या कुणाला. ऊन डोक्यावर घेऊन मी उजेडाची अडचण मिटवली होती आणि तेवढ्यानं आरशाचा मागमूस पुसला गेला असं धरून चाललो होतो.

“पॅटनमध्ये कमांडर उजवीकडे,” मामा म्हणाले. “त्याच्या पुढ्यात, खाली, गनर. लोडर डावीकडे. ड्रायव्हर पुढे मधोमध. चार माणसं आहेत रे आत. प्रत्येकाची जागा ठरलेली असते, अंधारात हात घातला तरी चुकत नाही.” आणि मग भाचीकडे वळून, “आम्ही ड्रिल करायचो तेव्हा डोळे मिटून चढायचो.”

संग्रहालयात गेल्यावर त्यांनी मला १९६५ मध्ये पकडलेल्या पॅटनसमोर उभं केलं. मोकळ्यावर, उन्हात. वर चढू देत नाहीत, म्हणून आम्ही चारही बाजूंनी फिरलो. मामा खालूनच बोटानं दाखवत होते, आणि मी वहीत वरून दिसेल तसा आराखडा काढत होतो. नंतर एएमएक्स. “ह्याचं इंजिन उजवीकडे, ड्रायव्हर डावीकडे. आणि तोफ वर-खाली करताना नुसती तोफ हलत नाही, टरेटचा वरचा अख्खा भाग हलतो.” आरशात धरला तर एएमएक्सची सगळी पोटातली मांडणी उलटी होते. पॅटनचा तर ठिपका तरी होता; एएमएक्सच्या पुढच्या उतारावर ड्रायव्हरचं झाकण मी काढलंच नव्हतं, कारण उलटवताना ते आडवं आलं असतं.

हे मला सगळ्यात जास्त लागलं. युक्ती सोपी जावी म्हणून मी गाडीतून माणूसच काढून टाकला होता.

परत येताना बसमध्ये आम्ही फार बोललो नाही. शिरूरच्या आसपास प्रोग्रॅमर म्हणाली, “बत्तीसच्या बत्तीस काढायच्या?” मी हो म्हणालो. तिनं फक्त विचारलं, किती दिवस. मी खरं सांगितलं: दोन महिने तरी.

चार गाड्या, प्रत्येकी ३२ हल आणि ३२ टरेट. २५६ फ्रेम. शिवाय जीप. एवढं सगळं कोऱ्या पिक्सेलपासून काढलं तर प्रमाण टिकत नाही, म्हणून ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक रणगाड्याचा ओबडधोबड साचा केला. कॅमेरा ४० अंशांवर बांधला, ऊन एका जागी पक्कं केलं, आणि गाडी सव्वाअकरा अंशांनी फिरवत बत्तीस चित्रं काढून घेतली. ती चित्रं नुसता पाया म्हणून वापरायची. त्यांच्यावर प्रत्येक फ्रेम हातानं काढली, कारण एवढ्या लहान आकारात यंत्रानं काढलेली कड कायम मळकट येते. तोफेची नळी दोन पिक्सेल जाड. तिरक्या दिशांना ती कुठं एक आणि कुठं दोन ठेवायची हे डोळ्यांनीच ठरवावं लागतं.

आता आरसा नव्हता, त्यामुळे ऊन डोक्यावरून हलवता आलं. मी ते पश्चिमेकडे कललेलं घेतलं. पॅटन वळतो तशी त्याच्या गोलसर टरेटवरची चकाकी सरकत जाते आणि कपोल्याची एक पिक्सेलची सावली त्याच्याभोवती फिरते. या एका पिक्सेलनं तो तीन पिक्सेलचा ठिपका पहिल्यांदा झाकणासारखा दिसायला लागला.

मध्ये एक वेगळाच घोळ झाला. तिरक्या दिशांना जाताना रणगाडे किंचित कडेनं घसरत असल्यासारखे दिसायला लागले. जुन्या वेस्टवुड गेममधल्या चित्रांच्या ३२ दिशा अगदी समान अंतरावर नाहीत, आणि ती चित्रं नीट दिसावीत म्हणून इंजिनमध्ये एक वेगळी सोय आहे. आम्ही नियमांची फाइल रेड अलर्टवरून घेतली होती, तिच्यात ती सोय चालू राहिली होती. माझ्या फ्रेम समान अंतरावरच्या. प्रोग्रॅमरनं ती बंद केली आणि घसरणं थांबलं.

जीपचं काम मी मुद्दाम शेवटी ठेवलं. जुन्या गेममध्ये जीपवरच्या तोफेला साध्या तोफेसारखाच पुढं भडका दिला होता. नगरला असताना मामांनी तेही सांगितलं होतं. रिकॉइललेस तोफ मागे धक्का देत नाही, कारण तिचा जाळ मागूनही सुटतो, आणि त्यामुळे झाडलं की जागा लगेच कळते. “म्हणून झाडायचं आणि हलायचं,” ते म्हणाले होते. मी मागच्या जाळासाठी सहा फ्रेम काढल्या आणि त्याच्यामागे खेमकरणच्या धुळीचा लोट. धूळ २४० रंगांतूनच घेतली. तो लोट उसाच्या कडेला चार-पाच सेकंद रेंगाळतो, आणि समोरच्या खेळाडूला जीप कुठं होती ते दिसतं. गेमच्या नियमांत हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. चित्रामुळे ते आलं, आणि मग आमच्या डिझायनरनं जीपचा वेग वाढवला.

नवी आवृत्ती मामांना पाठवली. भाचीनं त्यांच्या घरच्या संगणकावर ती चालू करून दिली आणि दोन दिवसांनी रात्री त्यांचा फोन आला.

“पॅटन बरोबर आहे. कमांडर बसलाय जागेवर.”

मी आभार मानले. ते थांबले नाहीत.

“सेंच्युरियनचा ड्रायव्हर कुठं बसवलायस?”

मी फाइल उघडली. पॅटनच्या हलचा साचा पुढे घेऊन सेंच्युरियन केला होता, आणि त्याच्यासोबत झाकणही तिथंच आलं होतं, मधोमध.

“उजवीकडे असतो तो,” मामा म्हणाले. “विजयंतात पण उजवीकडेच. किती वेळ लागेल तुला?”

बत्तीस फ्रेम. मी सांगितलं, गुरुवारपर्यंत करतो, आणि शून्य क्रमांकाची फ्रेम उघडली.