कशावरून सर
(दहावी, १९९७ ची बॅच)

आमच्या बॅचला एक गोष्ट नशिबानं मिळाली, ती म्हणजे १९९५ साल. नववीत होतो. २१ सप्टेंबरला देशभर गणपती दूध प्यायला आणि २४ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, सूर्यग्रहण. एकाच टर्ममध्ये दोन्ही, आणि शिकवायला आपले विज्ञानाचे सर. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही, पण 'कशावरून सर' म्हटलं की ज्याला कळायचं त्याला कळेल. सर, बाहेर पाऊस सुरू झाला. कशावरून? सर, गृहपाठ केलाय पण वही घरी राहिली. कशावरून?

दुधाच्या दिवशी गुरुवार होता. कुणाच्या तरी मुंबईच्या पाहुण्यांचा फोन आला आणि दुपारपर्यंत देवळाबाहेर ही लाईन, डेअरीतलं दूध संपलं, मधल्या सुट्टीत निम्मा वर्ग पळाला तो परत आलाच नाही. मीही पाजलं. चमचा खरंच रिकामा होत होता, अंगावर काटा आला होता.

शुक्रवारी सर वर्गात आले. आम्हाला वाटलं आता अंधश्रद्धेवर भाषण होणार. पण त्यांनी कुणाची चेष्टा केली नाही, फक्त विचारलं की किती जणांनी पाजलं आणि कसं पाजलं ते दाखवा. चमचा किती भरला होता, सोंडेला टेकवला की लांब धरला, सरळ होता की कलता, सगळं फळ्यावर लिहून घेतलं. मग टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलला, काठोकाठ भरलेला चमचा त्याला टेकवून अगदी किंचित कलता केला, आणि पेपरवेट दूध प्यायला. मग खिडकीची फरशी प्यायली, चंचुपात्र प्यायलं, शेवटी सरांचा अंगठासुद्धा प्यायला. मग त्यांनी दुधात लाल शाईचे थेंब टाकले आणि तेव्हा दिसलं की चमच्यातून निघालेलं दूध काचेला चिकटून पातळ पापुद्र्यासारखं खाली उतरतंय. पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध कुणाला दिसणार! पृष्ठताण, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पातळ पडद्यासारखा वागतो तो गुण, हा शब्द त्यांनी त्यानंतर फळ्यावर लिहिला, आधी नाही.

एका मुलीनं विचारलं, सर, मग काल रात्री ते थांबलं कसं?

"थांबलं कशावरून? आत्ता चालूच आहे की."

खरी मजा पुढे आहे. वाडीवरून येणारा आमचा एक मित्र, जो वर्षभरात फारसा बोलायचा नाही, तो म्हणाला, आमच्या वाडीच्या गणपतीनं नाही प्यायलं. सगळा वर्ग हसला. सर थांबले. तुमचा गणपती कशाचा आहे रे? तर म्हणे, शेंदराचा. शेंदूर लावतात तेलात कालवून. सरांनी शिपाईमामांना पाठवून खोबरेल मागवलं, पेपरवेटला चोपडलं आणि परत चमचा टेकवला. दुधाचे थेंब गोळा होऊन राहिले, पसरेनातच. तेलकट पृष्ठभाग ओला होत नाही म्हणून. सर त्याला म्हणाले, हे माझ्या डोक्यात नव्हतं, तू सांगितलंस म्हणून कळलं. तो मुलगा त्या दिवसापासून पहिल्या बाकावर बसायला लागला, आणि पुढे सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच असायचे, सरांच्या डोक्याला ताप!

ग्रहणाची तयारी मात्र सुट्टी लागायच्या आधीपासून. कागदाला भोक पाडायचं आणि उन्हात सूर्याची प्रतिमा पाडायची, पुस्तकातला सूचिछिद्र कॅमेरा तो हाच. सरांनी कुणाला चौकोनी भोक पाडायला सांगितलं, कुणाला त्रिकोणी. कागद जमिनीजवळ धरला की चौकोनच दिसायचा, पण लांब नेत गेलं की तो गोल व्हायचा, कारण ती प्रतिमा भोकाची नसते, सूर्याची असते. नंतर आरशाच्या तुकड्यावर भोकाचा कागद चिकटवून तो मैदानात ठेवला आणि व्हरांड्याच्या अंधाऱ्या भिंतीवर तो गोल पाडला. सुतळीनं आरसा ते भिंत अंतर मोजलं, पट्टीनं गोल मोजला. अकरा मीटरवर साधारण दहा सेंटिमीटर. सूर्य पंधरा कोटी किलोमीटर लांब, तर त्याचा व्यास किती, काढा. त्रैराशिक! कुणाचा बारा लाख किलोमीटर आला, कुणाचा सोळा लाख, कारण गोलाची कड पुसट असते आणि पट्टी कुठे लावायची ते कळत नाही. सरांनी सगळे आकडे फळ्यावर लिहिले, एकही खोडला नाही. खरा आकडा जवळपास चौदा लाख. सुतळी आणि पट्टी घेऊन नववीतली पोरं एवढ्या जवळ आली, हे आजही कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

ग्रहणाच्या दिवशी सकाळी मैदानावर आम्ही थोडेच होतो, बाकीच्यांना घरातून सोडलं नव्हतं. खग्रास राजस्थान, उत्तर प्रदेशच्या पट्ट्यात, दूरदर्शनवर ते थेट दाखवत होते, आपल्याकडे खंडग्रास. साडेआठच्या सुमारास भिंतीवरच्या सूर्याचा मोठा लचका गेलेला होता. चौकोनी भोक, त्रिकोणी भोक, सगळ्यांतून तोच तुटका सूर्य. आणि कडुलिंबाखाली बघितलं तर पानांच्या फटींतून जमिनीवर शेकडो कोरी! हे सरांनी आधी सांगितलं नव्हतं, मुद्दामच. शाळेमागच्या आळीतल्या दोन आज्या कंपाउंडपाशी येऊन उभ्या होत्या. त्यांना म्हणाले, सूर्याकडे बघायचंच नाहीये आजी, भिंतीकडे बघा. वेध पाळणाऱ्या बायका त्या, पण आत येऊन बराच वेळ बघत बसल्या.

आता सगळं गोडगोड लिहायचं नाही म्हणून सांगतो, सरांचा पोर्शन कधी वेळेत संपला नाही. पालक कुरकुरायचे, दहावीला तर काहींनी क्लास लावले, आणि शेवटच्या दोन महिन्यांत सर अक्षरशः पळायचे, रंगसूत्रं आणि आनुवंशिकता तर आम्ही गाईडवरच काढली. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, किल्ली ऑफिसात. त्यात किप्सचं उपकरण होतं, फेरस सल्फाइडवर ॲसिड सोडून सडक्या अंड्यांचा वास काढायचं, त्या दिवशी शेजारचा इतिहासाचा तास बंद पडायचा हे आठवतं.

मी शास्त्रज्ञ वगैरे झालो नाही. मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतकरी मोटार घेऊन येतो, म्हणतो जळली. माझ्या तोंडून आपोआप निघतं, कशावरून? निम्म्या वेळा कपॅसिटर गेलेला असतो. खरंच जळली असेल तर आधी फेज बघतो, थ्री फेजची मोटार दोन फेजवर चालत राहिली की वाइंडिंग जाणारच, आणि ते कारण काढलं नाही तर महिन्याभरात तीच मोटार परत दारात.

माझी मुलगी आता याच शाळेत नववीत आहे. तिला सगळं व्हिडिओवर दाखवतात, बटाट्यावर आयोडीन टाकल्यावर निळं-काळं होतं हे तिला पाठ आहे, पण तिनं स्वतः टाकलेलं नाही. व्हिडिओ वाईट नसतात, पण वाडीच्या गणपतीनं दूध प्यायलं नाही हे व्हिडिओला कोण सांगणार?

म्हणून शाळेच्या महोत्सव समितीला एक विनंती, जमलेल्या निधीतून अजून एक स्मार्ट बोर्ड घेण्याऐवजी टेस्टट्यूब, भिंगं, आरसे घ्या, आणि फुटणार हे धरूनच घ्या. विद्युतचुंबकाच्या प्रयोगाला लागणारी तांब्याची तार माझ्याकडून, दरवर्षी, पाहिजे तेवढी. तिला इनॅमल असतं, टोकं पॉलिश पेपरनं घासून घ्यायला सांगा मुलांना, नाहीतर करंट जाणार नाही. दुकान दुपारी एक ते तीन बंद असतं, त्या वेळात येऊ नका.