एच-अल्फाचा ठिपका जागेवर नव्हता

सिम्बायोटिक तारे शोधतो म्हटलं की नातेवाईक विचारतात मग सापडतात का रोज, आणि मी सांगते की बहुतेक वेळ जे नाहीत ते काढून टाकण्यातच जातो. एक फुगलेला लाल राक्षसी तारा, शेजारी अगदी जवळ एक तापलेला श्वेत बटू, आणि बटू राक्षसाचा वारा ओढून घेतोय, अशी ही जोडी. नाव 1941 सालचं, पॉल मेरिलनी दिलेलं. आपल्या आकाशगंगेत नक्की माहीत असलेले साधारण तीनेकशे, आणि असायला हवेत किती याचे अंदाज 3 हजारांपासून 4 लाखांपर्यंत, म्हणजे अंदाज कसला, गंमतच आहे. पण बाकीचे कुठेतरी असणारच ना, म्हणून आम्ही पुण्यात बसून आकाशाच्या मोठमोठ्या सर्व्हेंचे कॅटलॉग एकमेकांवर टाकतो: एच-अल्फामध्ये, म्हणजे तापलेल्या हायड्रोजनच्या ठरावीक लाल प्रकाशात, कोण चमकतंय, 2मास नावाच्या इन्फ्रारेड सर्व्हेत कोण लाल दिसतंय, दोन्ही एकाच जागी आलं की नाव यादीत.

तर ऑक्टोबरमधली गोष्ट. पावसाळ्यात गिरवलीच्या वेधशाळेचा डोम बंद, त्यामुळे ऑक्टोबरच्या रात्रींवर सगळ्यांचा डोळा असतो. चाकणचं ट्रॅफिक, मग मंचर, घोडेगाव करत वर पोचलो तर पश्चिमेला ढग, आणि आमचं मेन टार्गेट नेमकं गरुड तारकासमूहात, दहानंतर इतकं खाली जाणार की बघून उपयोग नाही. आमचा पीएचडीचा मुलगा, मूळचा बार्शीचा, दर पाच मिनिटांनी बाहेर जाऊन आभाळ बघून येत होता. आठच्या सुमाराला उघडलं एकदाचं.

हे टार्गेट म्हणजे यादीतलं सगळ्यात देखणं. एच-अल्फा जबरदस्त, इन्फ्रारेड रंग अगदी राक्षसी ताऱ्याचे. फक्त तो एच-अल्फा सर्व्हे जुन्या पद्धतीचा, फिल्मवर घेतलेला आणि नंतर स्कॅन केलेला, त्यात जवळजवळचे दोन तारे एकच लांबट डाग होऊन बसतात. गाया उपग्रहाच्या कॅटलॉगमध्ये त्या जागी दीड आर्कसेकंदावर (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) दोन सोर्स आहेत हे आम्हाला माहीत होतं, पण गॅलेक्सीच्या पट्ट्यात असे शेजारी पावलोपावली असतात, तेवढ्यावरून कुणाला काढून टाकत नाही. म्हणून स्लिट, म्हणजे प्रकाश आत सोडणारी फट, दोघांवरून जाईल असा फिरवून घेतला आणि एक्स्पोजर लावलं.

फ्रेम उतरली. खरं तर कुणी कच्ची फ्रेम नीट बघत नाही, सगळे थेट स्पेक्ट्रम, म्हणजे वेव्हलेंग्थप्रमाणे पसरवलेला प्रकाश, काढायला पळतात, आणि मला ते आवडत नाही. फ्रेममध्ये आडवी दिशा वेव्हलेंग्थची, उभी स्लिटवरच्या जागेची. स्क्रीनवर राक्षसाची जाड आडवी रेघ, तिच्यात टायटॅनियम ऑक्साइडने प्रकाश शोषल्याचे खड्डे, आणि 6563 अँगस्ट्रॉमला (वेव्हलेंग्थचं एकक) एच-अल्फाचा टपोरा ठिपका. पण ठिपका रेघेवर नव्हता. पाच पिक्सेल वर. आमच्या कॅमेऱ्यात एक पिक्सेल म्हणजे साधारण 0.3 आर्कसेकंद, म्हणजे दीड आर्कसेकंद, बरोबर शेजाऱ्याचं अंतर. मुलगा म्हणाला, "मॅडम, खाली गेलाय तारा, वातावरणाने सरकवलं असेल." पण वातावरणाने सरकवलं असतं तर त्याच वेव्हलेंग्थजवळची राक्षसाची रेघपण सरकली असती ना, ती तर सरळ होती.

"म्हणजे लग्नाची जोडी नाही, फोटोत शेजारी उभे," ऑपरेटर म्हणाले. त्यांनी इतक्या रात्री काढल्यात की कधीकधी आमच्याआधी त्यांना कळतं.

तरी मुलगा सोडायला तयार नव्हता, आणि ते मला बरंच वाटलं. त्याने राक्षसाची रेघ वेगळी काढली आणि 6825 वर बोट ठेवलं, तिथे खरंच एक उंचवटा होता. आता 6825 म्हणजे आमच्याकडची मोठीच साक्ष. ही रेषा अनेक वर्षं ओळखताच येत नव्हती, 1989 मध्ये श्मिडनी दाखवलं की पाच इलेक्ट्रॉन गेलेल्या ऑक्सिजनचा 1032 अँगस्ट्रॉमचा अतिनील प्रकाश शेजारच्या उदासीन हायड्रोजनवर आपटून रामन स्कॅटरिंगने लाल होऊन बाहेर पडतो. त्यासाठी एका बाजूला लाखभर अंशाचा तारा आणि दुसऱ्या बाजूला हायड्रोजनचा दाट वारा, दोन्ही लागतात, म्हणून ती जवळजवळ फक्त सिम्बायोटिकमध्येच दिसते. (सी. व्ही. रामन यांचं नाव इथे निघालं की प्रत्येक नवीन विद्यार्थी सरसावून बसतो, तोही बसला होता.)

पण थंड राक्षसात टायटॅनियम ऑक्साइडचा एक खड्डा 6800 च्या आसपास भरून येतो, आणि लगेच 6870 ला आपल्याच हवेतल्या ऑक्सिजनची शोषणपट्टी कापते. दोन खड्ड्यांच्या मधे जे उरतं ते रेषेसारखं दिसतं. संध्याकाळी ढगांच्या फटीतून एक साधा, एकटा, कुणाशी भानगड नसलेला एम प्रकारचा राक्षसी तारा घेऊन ठेवला होता, त्याचा स्पेक्ट्रम वर टाकला. उंचवटा तस्साच. निळ्या बाजूला 4686 ची हीलियमची रेषा, तापलेल्या बटूची दुसरी खूण, बघितली, तीही दोघांपैकी कुणाकडेच नव्हती.

आणि नुसता हिशोब केला तरी पुरे होता: 3 हजार पार्सेकवर (एक पार्सेक म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षं) दीड आर्कसेकंद म्हणजे निदान 4500 खगोलीय एकक अंतर (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य), आणि नेहमीच्या सिम्बायोटिक जोड्या तर काही खगोलीय एककांच्या आत फिरतात, त्यांना कुठलाच टेलिस्कोप असं वेगळं करून दाखवणार नाही. इतक्या लांबून कोण कुणाचा वारा ओढणार? वर गायाप्रमाणे दोघांची प्रॉपर मोशनही, म्हणजे आकाशात सरकणं, वेगळ्याच दिशांना होती. एच-अल्फावाला बहुधा बीई प्रकारचा, म्हणजे स्वतःभोवतीच्या वायूच्या चकतीमुळे एच-अल्फात चमकणारा तारा, पण ते दुसऱ्या कुणाचं काम.

साडेनऊ झाले होते. यादीतून नाव काढलं, रिमार्कमध्ये "ब्लेंड", म्हणजे दोघांचा मिसळलेला प्रकाश, असं लिहिलं आणि ऑपरेटरना पुढचे कोऑर्डिनेट्स दिले. पुण्यात परत आल्यावर त्या मुलाने मी न सांगता, दोन आर्कसेकंदाच्या आत शेजारी असलेली सगळी नावं गायातून काढून वेगळ्या फाइलमध्ये टाकली. आमची यादी बरीच बारीक झाली, गाइडची थोडी कुरकुर झाली, पण पुढच्या प्रपोजलला तीच यादी गेली.