तुम्ही विचारलंत म्हणून: खुनी पाठ असताना परत काय बघायचं?

'तीसरी मंझिल' लागला की मी हातातलं काम टाकून बसते. मग घरातलं कुणीतरी विचारतंच, "अगं, खुनी कोण ते तुला पाठ आहे. परत काय बघतेस?" भाचा विचारतो, ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात. आता तुम्हीही विचारलंत.

खरं सांगू? खुनी माहीत नसताना मी हा चित्रपट एकदाही पाहिलेला नाही. लहानपणी पहिल्यांदा टीव्हीवर लागला, तेव्हा आतेभाऊ शेजारी बसला होता. पडद्यावरच्या एका माणसाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "हाच तो." आत्यानं त्याच्या पाठीत धपाटा घातला, पण आता काय उपयोग! मी फुरंगटून बसले. तरी थोड्या वेळानं बघते तर मी खदाखदा हसत होते. खुनाचं कोडं कधीच फुटलेलं, आणि तरी उठावंसं वाटत नव्हतं.

सुरुवातीलाच मसुरीच्या एका हॉटेलात रात्री एक मुलगी धावत जिना चढते आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडते. सगळे म्हणतात, रॉकी नावाच्या ड्रमरनं फसवलं म्हणून तिनं जीव दिला. तिची धाकटी बहीण सुनीता (आशा पारेख) रॉकीला धडा शिकवायला मसुरीला निघते. त्याच गाडीत तिला अनिल (शम्मी कपूर) भेटतो. भांडणं होतात, तो तिच्या मागे लागतो, नेहमीचंच सगळं. फक्त एक गोष्ट नेहमीची नाही: अनिल हाच रॉकी आहे. हे आपल्याला माहीत, त्याला माहीत, तिला नाही.

खुनाच्या गोष्टीत विनोद आणि प्रेम घालायचं म्हटलं की बहुतेक वेळा दोन वेगळे संसार थाटले जातात. इकडे प्रेत, तिकडे बागेतलं गाणं, मधे एखादा विनोदी नोकर. इथे तसं नाही. विनोद ज्या खोटेपणावर चालतो, त्याच खोटेपणावर संशयही पोसला जातो. सुनीता त्याच्यासमोरच रॉकीच्या नावानं बोटं मोडते तेव्हा आपण हसतो. पण तो नाव लपवतोय, वेळ मारून नेतोय, हे सगळं उद्या त्याच्याच अंगाशी येणार असतं. पहिल्या अर्ध्यातला प्रत्येक विनोद दुसऱ्या अर्ध्यात पुरावा होतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते मागाहून कळतं. मला ते हसता हसताच दिसत असतं, म्हणून मी परत बघते. खुनी कोण, यापेक्षा हा तिला कधी सांगणार, या प्रश्नानं माझा जीव जास्त टांगणीला लागतो, आणि त्याचं उत्तर माहीत असूनही लागतो.

याचं श्रेय दिग्दर्शक विजय आनंदचं. निर्माते नासिर हुसेन, म्हणजे हलकीफुलकी प्रेमकथा हा त्यांच्या हातचा मळ. एकाचा खेळकरपणा आणि दुसऱ्याची शिस्त अशी ही 1966 ची भट्टी जमली. संगीतकार राहुल देव बर्मनला पहिलं मोठं यश इथे मिळालं. शम्मी कपूरला खरं तर शंकर-जयकिशन हवे होते. चाली ऐकल्यावर गडी विरघळला. बरोबरच आहे. 'आजा आजा'मध्ये आशा भोसले आणि रफी ज्या तऱ्हेनं एकमेकांना श्वास पुरवतात, ते ऐकून न विरघळणारा माणूसच मला संशयित वाटेल.

त्यातही ही गाणी गोष्टीला अडवत नाहीत. रॉकीचा धंदाच हॉटेलात वाजवायचा-गायचा, म्हणजे तो रंगमंचावर उभा राहिला की दरवेळी गुपित उघडं पडायची भीती. हेलन नुसती नाचून जात नाही. रॉकीवर जीव टाकणारी, जळणारी रूबी म्हणून तीही संशयाच्या रांगेत उभी असते. प्रेम चोप्राबद्दल मी काहीच बोलणार नाही. त्याला बघून तुमच्या मनात जे येतं ते येऊ द्या. आणि हो, रॉकीच्या वाद्यवृंदातल्या मित्राला नीट बघून ठेवा. ते सलीम खान, सलीम-जावेद जोडीतले. तेव्हा लेखक व्हायचे होते.

उणं काढायचं तर शेवटाकडे उलगडा फार बोलून होतो. त्या वेळात मी चहा टाकून येते.

गेल्या महिन्यात भाच्याला पहिल्यांदा दाखवला. जीभ चावत गप्प बसले होते. तासाभरानं न राहवून विचारलं, "काय रे, कुणावर संशय?"

"थांब गं मावशी," तो पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला, "हा तिला खरं नाव कधी सांगणार?"