बाबांसाठी मुलांच्या हातचं गिफ्ट: प्रोग्रेस अपडेट

फादर्स डेला बाबांना द्यायला मुलांकडून तीन वस्तू करून घ्यायच्या, असा मागच्या वेळी नुसता प्लॅन टाकला होता, आता दोन वस्तू तयार आहेत आणि तिसरी अर्धी झालीये. फादर्स डे जूनच्या तिसऱ्या रविवारी, पण या कामात निम्मा वेळ वाळण्यातच जातो म्हणून आधीच सुरुवात केली.

पहिला हाताचा ठसा. २ कप मैदा, १ कप बारीक मीठ, साधारण १ कप पाणी, पण पाणी थोडं थोडं घालायचं, पीठ हाताला चिकटायचं थांबलं की बास. मळायचं काम मुलांनाच द्या, जाम खूश होतात. जाडी साधारण ७-८ मिलिमीटर. ठसा घेताना मूल बोटं दाबतं पण तळव्याचा मधला भाग वरच राहतो, त्यामुळे त्याच्या हातावर आपला हात ठेवून हलकेच दाबायचं, मग तळव्यावरच्या रेषासुद्धा उमटतात. टांगायचं असेल तर भोक आत्ताच, स्ट्रॉने. मग ओव्हनमध्ये १०० डिग्रीला दोन-तीन तास, मधे एकदा उलटवून, कारण जास्त तापवलं की पीठ फुगतं आणि त्या बारीक रेषा जातात. थंड झाल्यावर अॅक्रिलिक रंग, वर वॉर्निश, आणि वॉर्निश मागच्या बाजूला आणि कडांनाही हवंच, मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि उघडी राहिलेली बाजू मऊ पडते. एक महत्त्वाचं, हे पीठ पोटात जाऊ देऊ नका, इतकं मीठ लहान मुलांना धोक्याचं आहे आणि घरात कुत्रा असेल तर त्यालाही.

दुसरी कीचेन, आणि ही माझी सगळ्यात लाडकी. धाकटा चार वर्षांचा आहे, सध्या त्याची सगळी माणसं म्हणजे एक मोठं गोल डोकं आणि डोक्यालाच फुटलेले दोन पाय, पोट नाहीच. या वयाची मुलं जवळपास सगळीकडे अशीच माणसं काढतात आणि काही महिन्यांत ते बंद होतं, पुन्हा तसं चित्र हातून येत नाही. म्हणून ‘अरे बाबांचं पोट कुठंय’ असं अजिबात म्हणायचं नाही, काढू द्यायचं. त्याने बाबांना चष्मा काढलाय, तोही डोक्याच्या बाहेर जाणारा, आणि हाताला सात बोटं.

हे चित्र श्रिंक शीटच्या (तापवल्यावर आकसणारी प्लास्टिकची शीट) खरखरीत बाजूला रंगीत पेन्सिलीने काढून घेतलं. शीट तापली की आकसून साधारण ४० टक्क्यांवर येते, म्हणजे १५ सेंटीमीटरचे बाबा ६ सेंटीमीटरचे होतात आणि शीट जाड, कडक होते. रंग आकसल्यावर गडद दिसतात म्हणून हलक्या हाताने भरायला सांगा. भोक आधी नेहमीच्या पंचने पाडा, नंतर पाडता येत नाही. तापमान पाकिटावर दिलेलं असतं ते बघा, ओव्हनचं काम अर्थातच मोठ्यांचं. आत शीट गुंडाळायला लागते तेव्हा मुलं घाबरतात, पण थोडं थांबलं की आपोआप सरळ होते, मग बाहेर काढून गरम असतानाच बेकिंग पेपर ठेवून वर जाड पुस्तक दाबायचं.

तिसरी वस्तू म्हणजे बाबांबद्दलचं पुस्तक, ते थोरलीचं, सहा वर्षांची. मी प्रश्न विचारते, ती स्वतः लिहिते. बाबांची उंची किती? ‘कपाटाच्या वरच्या डब्याला हात पुरतो इतकी’. बाबा कशात हुशार? ‘गाठी सोडवण्यात’. काही अक्षरं उलटी आलीत, या वयात ते नॉर्मल आहे, मी एकही खोडलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर विकतच्या छापील कार्डापेक्षा ही उलटी अक्षरं बाबा जास्त जपून ठेवतील असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक पानावर मागे तारीख आणि वय तेवढं मी लिहितेय, ते मात्र विसरू नका.

आता पानं शिवायची राहिलीत. भोकं मी दाभणाने आधीच पाडून ठेवणार, म्हणजे तिला बोथट सुईने जाड दोरा ओवता येईल. सहा वर्षांच्या मुलांना जमेल असा सोपा टाका कोणाला माहीत असेल तर सांगा, या आठवड्यातच बसणार आहोत.