गोल्डन वन सेंटर, सॅक्रामेंटो: ट्रेनने जायच्या आधी परतीचं बघा

"ट्रेनने जा, स्टेशनपासून दहा मिनिटं चाललं की अरेना. गाडीची कटकटच नाही." मला तिघांनी हेच सांगितलं आणि तिघांचंही खरं निघालं. परत कसं यायचं ते मात्र एकानेही सांगितलं नाही.

भाचा मुंबईहून इथे, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात, शिकायला आलाय. ऑक्टोबर 2019 मध्ये एनबीए बास्केटबॉलमधले सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स वरळीच्या डोममध्ये खेळले, तो सामना त्याने पाहिला होता. तेव्हापासून किंग्ज त्याचे, आणि संघाचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे याचा त्याला कोण अभिमान! जानेवारीतल्या शुक्रवारी सातचा सामना ठरला. रिचमंडच्या बार्ट (मेट्रो) स्टेशनला गाडी लावून कॅपिटल कॉरिडॉर ही सॅक्रामेंटोला जाणारी ट्रेन पकडली. प्रवास छान झाला.

किंग्जचं हे अरेना 2016 मध्ये भर डाउनटाउनमध्ये, जुन्या मॉलच्या जागेवर उभं राहिलं. साडेसतरा हजार माणूस बसतं. वरच्या मजल्याचं स्वस्त तिकीट बिनधास्त घ्या, मैदान व्यवस्थित दिसतं. पायऱ्या मात्र चांगल्याच उभ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर खालचीच घ्या, पैसे गेले तरी चालतील.

सामना साडेनऊच्या सुमारास संपला. किंग्ज जिंकले. ते जिंकले की छतावरून जांभळा झोत आकाशात सोडतात. त्या रात्री धुकं उतरलं होतं, त्यामुळे झोत वर जाऊन पसरला आणि डोक्यावरचं अख्खं धुकं जांभळं झालं. भाचा रस्त्यातच उभा राहिला. "मामा, दोन मिनिटं." मीही थांबलो. स्टेशनवर पोचलो तर फलकावर आमच्या दिशेची एकही गाडी नव्हती. शेवटची आधीच गेली होती, झोत बघत थांबलो नसतो तरी ती मिळाली नसती.

टॅक्सीचं ॲप उघडलं. रिचमंडपर्यंत 170 डॉलर! दोघांची तिकिटं मिळून एवढी नव्हती. माझ्या फोनमध्ये आठ टक्के बॅटरी, भाच्याचा केव्हाच बंद पडलेला. तिकिटंही फोनवरच दाखवावी लागतात, तेव्हा पॉवर बँक न्याच. थंडीत वीस मिनिटं वाट पाहून दर उतरेना, शेवटी घेतली टॅक्सी.

खरी परीक्षा पुढे होती. सॅक्रामेंटो सोडलं की योलो कॉजवे लागतो, पाणथळ जमिनीवरून जाणारा तीनेक मैलांचा पूल. हिवाळ्यात या खोऱ्यात टुली फॉग नावाचं दाट धुकं पडतं. पाऊस होऊन गेला, आकाश निरभ्र झालं आणि वारा पडला की ओल्या जमिनीलगत ते साचतं. पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसायचे, मग दिसेनासे व्हायचे. कठडा कुठे संपतो, कळत नव्हतं. चालक बिचारा पुढे वाकून गाडी हाकत होता, रेडिओ त्याने बंद केला. आम्ही तिघंही गप्प. पुलापलीकडचं डेव्हिस गाव आल्यावर तो पहिल्यांदा मागे टेकून बसला. घरी पोचायला दीड वाजला.

आता स्पष्ट सांगतो. संध्याकाळी सातचा सामना किंवा रात्रीचा कॉन्सर्ट असेल तर ट्रेनने जाऊन त्याच रात्री बे एरियात परतायचं मनातही आणू नका. डाउनटाउनमध्येच खोली घ्या, 170 डॉलर तिथे घाला आणि सकाळच्या गाडीने या. स्वतःची गाडी नेणार असाल तर पार्किंग घरूनच बुक करा. अरेनासाठी शहराने 25 कोटी डॉलरहून जास्त रक्कम उभी केली, तिचं कर्ज पार्किंगच्या उत्पन्नातून फिटतंय. सामन्याच्या रात्री तिथे स्वस्ताई शोधू नका. डिसेंबर-जानेवारीत धुक्याचा इशारा असेल तर गाडीनेसुद्धा रात्री निघू नका.

सगळ्यात उत्तम म्हणजे रविवार दुपारचा सामना. असे थोडेच असतात, पण संध्याकाळची ट्रेन आरामात मिळते. वेळापत्रक लागलं की भाच्याबरोबर तसाच एखादा गाठणार आहे. झोत पुन्हा बघायचाय.