बरणीतला चहा बिघडला की जमला?

परभणीत आमच्या ओळखीत कोंबुचा, म्हणजे गोड चहा आंबवून केलेलं पेय, करणारं एकही घर नव्हतं. पुण्याच्या मावसबहिणीने एका डब्यात तिच्याकडची ‘मदर’, म्हणजे ती जेलीसारखी चकती, आणि सोबत थोडं आंबट पाणी दिलं. “बाकी आपोआप होतं,” एवढंच तिने सांगितलं. होतं आपोआपच. पण होत असताना बरणीत जे काही दिसतं, ते पाहून शहाणा माणूस सगळं मोरीत ओतून मोकळा होईल.

कृती सोपी आहे. लिटरभर पाण्याला पाच-सहा ग्रॅम साधी चहापत्ती आणि सत्तर-ऐंशी ग्रॅम साखर. आलं, वेलची, मसाला काही नाही. चहा गाळून पार गार होऊ द्यायचा, मग त्यात आधीच्या घाण्याचं आंबट पाणी आणि मदर सोडायची. आंबट पाणी एकूण चहाच्या दहावा हिस्सा तरी हवंच. मी जरा जास्त घालते. तोंडावर दाट विणीचं सुती कापड आणि रबर. जाळीदार कापडातून चिलटं आत शिरतात. आत्याबाईंनी लोणच्याची चिनीमातीची बरणी पुढे केली होती. ती मी घेतली नाही, कारण जुन्या बरणीच्या झिलईत शिसं असू शकतं आणि इतका आंबट पदार्थ ते ओढून घेतो. काचेचीच बरणी घेतली.

सुरुवात डिसेंबरात झाली. आमच्याकडे थंडीत पारा कधीकधी दहाच्याही खाली उतरतो, आणि या चहाला चोवीस ते एकोणतीस अंशांची ऊब लागते. त्यामुळे मदर तळाशी जाऊन बसली आणि वर काहीच हालचाल दिसेना. मदर बुडली म्हणजे मेली, असं मला वाटलं होतं. तसं काही नसतं. ती तरंगो, आडवी होवो की बुडो, नवा थर पृष्ठभागावरच धरतो. बरणीला जाड टॉवेल गुंडाळून ती फ्रिजच्या शेजारी ठेवली, तेव्हा कुठे काम पुढे सरकलं.

मग वर पांढुरके ठिपके आले. आत्याबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि निकाल दिला, “बुरशी हाय ती. दे फेकून.” मी मोबाइलचा टॉर्च आडवा धरला. ठिपके ओले होते, चकाकत होते, काहींच्या खाली बुडबुडा अडकलेला होता आणि ते चहाच्या पातळीतच होते, वर उठलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी ते एकमेकांना जोडले जाऊन पातळ, धुरकट पापुद्रा तयार झाला. बुरशी कोरडी असते. ती पृष्ठभागावर बसते, तिला लव असते, गोल गोल वाढते आणि हिरवी, निळसर किंवा काळी होत जाते. पांढरीही असू शकते, म्हणून रंगापेक्षा मी आधी कोरडेपणा पाहते. शंका आली तर एक दिवस थांबायचं. बुरशी असेल तर ती लपून राहत नाही.

पापुद्र्याखाली तपकिरी धागे लोंबायला लागले, तेव्हा मलाच किळस आली. ते यीस्ट. तळाचा गाळही त्याचाच. साखर फोडून यीस्ट थोडं अल्कोहोल आणि वायू तयार करतं, जिवाणू त्या अल्कोहोलचं आम्ल करतात आणि चकतीही तेच विणतात. वरचा थर कुठे जाड, कुठे फाटका, कुठे फोड आल्यासारखा दिसला तरी बिघडत नाही. कोरड्या चुण्या पडलेली, निस्तेज पांढरी साय मात्र वेगळी. तेही एका जातीचं यीस्टच. ते घातक नसलं तरी चव घालवतं आणि एकदा आलं की पुन्हा पुन्हा येतं. तो घाणा मी ठेवत नाही.

डोळ्यांपेक्षा नाकावर माझा भरवसा जास्त. आधी गोड चहाचा वास, मग फसफसलेल्या पिठाचा, मग सफरचंदाच्या व्हिनेगरचा. या क्रमाने गेलं तर ठीक. कुजका किंवा कोंदट वास आला तर चव बघायच्या भानगडीत पडायचंच नाही.

तरी नाक फसू शकतं, म्हणून प्रयोगशाळेचं साहित्य मिळतं त्या दुकानातून पीएचच्या, म्हणजे आंबटपणा मोजायच्या, पट्ट्या आणल्या. आकडा जितका कमी, तितका आंबटपणा जास्त. आठवडाभरात पीएच ४.२ च्या खाली यायलाच हवा. नाही आला तर तो घाणा टाकायचा. पिण्याजोगा तयार झाल्यावर तो साधारण २.५ ते ३.५ च्या दरम्यान असतो. त्याहून खाली गेला तर प्यायचा नाही, पुढच्या घाण्याला आंबट पाणी म्हणून वापरायचा. चहाच्या रंगामुळे पट्टीवरची छटा जरा गढूळ दिसते, त्यामुळे दशांशावर वाद घालण्यात अर्थ नाही.

शेजारच्या ताईंनी माझ्याकडून चकती नेली आणि चांगली स्वच्छ धुऊन नुसतीच गोड चहात टाकली. आंबट पाणी घातलंच नाही. विरजणाविना दही लावण्यातलाच प्रकार. चहा आंबट व्हायच्या आत बुरशीने जागा धरली, मधोमध रुपयाएवढा हिरवट गोळा. “वरचं काढून टाकलं तर चालंल का?” त्यांनी विचारलं. नाही चालत. चहा, चकती, सगळं टाकायचं आणि बरणी कडक पाण्याने धुवायची. चकती टाकताना जीव तुटतो, पण नवी मिळते.

प्रमाणाबद्दलही बोलायला हवं, कारण आमच्याकडे कोणी ‘शुगर कमी होते’ म्हटलं की लोक तांब्याने पितात. १९९५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हा चहा रोज घेणाऱ्या दोन स्त्रिया गंभीर आजारी पडल्या, त्यांतली एक दगावली. दोष चहाचाच होता हे सिद्ध झालं नाही. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने मात्र निरोगी माणसाला दिवसाला सुमारे १२० मिलिलिटर अपायकारक नसावं, असं म्हटलं. मी तेवढाच पिते. त्यात साखर उरते आणि थोडं अल्कोहोलही असतं, म्हणून मधुमेही आत्याबाईंना, लहानांना आणि गरोदर भाचीला मी देत नाही.

उन्हाळ्यात सगळा हिशोब बदलतो. एप्रिलात स्वयंपाकघर पस्तीसच्या पुढे जातं, आणि थंड प्रदेशातल्या लोकांनी सांगितलेले सात ते चौदा दिवस आपल्याला निरुपयोगी ठरतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासूनच चव पाहावी लागते. उकाड्यात यीस्ट उधळतं आणि नेलपॉलिशसारखा उग्र वास येतो. तो आला की बरणी गार जागी हलवते. कुलरच्या झोतात ठेवत नाही, ती ओली हवा बुरशीला आमंत्रण. घरातली सगळ्यांत गार जागा देवघराजवळची, पण “देवाशेजारी दारू नको” म्हणून आत्याबाईंची मनाई. त्यामुळे मे महिन्यात मी नवा घाणा लावत नाही. मदर तिच्याच आंबट पाण्यात, मधूनमधून थोडा गोड चहा घालत, पलंगाखाली ठेवते आणि पावसाळी हवा आली की पुन्हा सुरू करते.